चार धारा

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मिठानं गंजलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये
आमचं यंत्र सकाळी सहाला तोंड उघडतं.
लोकांना वाटतं, गरगरत असेल मिक्सरसारखं.
नाही. ते सावकाश चावतं.
एकच जाड दांडा, मिनिटाला ऐंशी फेरे,
अंगभर चौकोनी पोलादी पाती.
समोर एक आडवं पातं, जे जागचं हलत नाही.
अडकित्ता आठवा.
एकानं हलायचं, एकानं नाही, तेव्हाच सुपारी फुटते.

मासळीचे खोके येतात, पिवळे, निळे,
बंद पडलेल्या कंपन्यांची नावं अंगावर घेऊन.
खाली बारीक अक्षरांत धमकी : चोरल्यास खटला भरू.
आता खटला भरणारंच कुणी उरलं नाही.
बोझेना पट्ट्याशी उभी राहून निवडते,
दोरी इकडे, खिळा तिकडे,
एकदा आख्खा हॅडॉक, गोठलेला, डोळ्यांसकट.
तो तिनं दुपारपर्यंत खिडकीत ठेवला होता,
समुद्राकडे तोंड करून.

मागून ढकल्या घास पुढे सारतो.
कडाड् होतं. मग नुसता चुरचुराट.
पोटाखाली चाळण, चाळीस मिलिमीटरची भोकं,
जो तुकडा मावत नाही तो पुन्हा वर जातो.
चाळण कुणाला नापास करत नाही,
एवढंच म्हणते, अजून नाही.
मग चुंबक, मग बारीक दळण, मग पाण्याचा हौद :
खोक्याचं प्लास्टिक तरंगतं,
वाळू आणि खवले तळाला.
वास मात्र ना तरंगतो ना बुडतो.
तो माझ्या केसांतून घरी येतो.

अति झालं की यंत्र थांबतं,
उलटं फिरतं, घास सोडतं, पुन्हा धरतं.
तीनदा. चौथ्यांदा लाल दिवा लागतो
आणि माणूस लागतो.
माणूस म्हणजे मी.

तोंडात उतरण्याआधी वीज तोडायची,
मुठीवर जो तो आपापलं कुलूप घालतो,
किल्ली ज्याची त्याच्या खिशात. ती कुणी मागायची नाही.
माझ्या कुलपावर नेलपॉलिशनं लिहिलंय : शर्वाणी.
क्लाइव्ह ऑक्सटोबी दर वेळी विचारतो, हे चित्र कसलं गं?

त्या मंगळवारी दातांत सापडली
सुरीला धार लावायची कांब. वाकलेली.
लाकडी मुठीवर दोन अक्षरं तापल्या तारेनं कोरलेली,
पहिलं गेलेलं, दुसरं गोल.
क्लाइव्हनं ती उलटसुलट पाहिली.
त्याची आई बावीस वर्षं इथेच मासे कापायची,
बर्फात हात घालून, हे मला माहीत होतं.
"निम्मं गाव हेच करायचं," तो म्हणाला,
"कुणाचीही असेल."
आणि कांब कोटात घालून बाहेर गेला.

धार लावणाऱ्या कांबेनं
माझी अकरा पाती बोथट केली होती.
पण पात्याला चार बाजू असतात.
बोल्ट सोडवायचा, पाव वळण द्यायचं,
नवी धार समोर. मागच्या बाजूला पंचनं एक ठिपका.
ठिपके मोजले : बहुतेकांची तिसरी.
इचलकरंजी, चाकण, ग्रिम्सबी,
मनात उगाच हिशेब झाला, तो मी तिथेच सोडला.
फट मोजली, पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी.

मी माझं कुलूप काढलं. बोझेनानं तिचं.
तिसरं लटकत होतं.
क्लाइव्ह नळाशी उभा,
ती वाकडी कांब धूत होता, साबण लावून.
साहेब काचेमागून घड्याळ दाखवत होता.
बाहेर खोक्यांचा ढीग वाढत चाललेला,
वरच्या खोक्यात एक सीगल चोच घालून बघतोय,
आत काही नाही, तरी बघतोय.

आम्ही थांबलो. किल्ली त्याच्या खिशात होती.