चिमूटभर

कॅन्व्ही बेट भरतीच्या पातळीखाली आहे,
हे इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही.
भिंत आहे. भिंतीवर आम्ही.
दीड दिवसाचा, शाडूचा, वीतभर,
पाटासकट टॉवेलात, माझ्या मांडीवर,
आणि पाणी अजून लांब. नुसता चिखल.

शेजारी फायवेलकाका, काळा कोट, नातवंडांची रांग.
त्यांचं नवं वर्ष नुकतंच लागलंय;
खिसे उलटे करून झटकतायत
वर्षभराची पापं, थेम्सच्या दिशेनं.
पांढरी अस्तरं दोन्हीकडून लोंबली
तसा धाकटा माझ्या टॉवेलात डोकावला:
"याचेही खिसे बाहेर आलेत!"

काकांनी हलकेच त्याची मान वळवली.
मूर्ती बघायची नसते त्यांच्यात.
मीही टॉवेल सारखा केला.
मग समोरच बघत ते म्हणाले,
"सव्वासहाला भरती. थांबा."

थांबले. आली. सोडला.

परतताना पाटावर वाळू आणायची रीत;
इथं वाळू कुठली, काळा गाळ.
पायऱ्यांखाली मेव्हिस,
त्रेपन्नच्या पुरात छपरावर रात्र काढलेली,
भिंत कधीच चढत नाही.
पाटाकडे बघत राहिली.
"एवढं चालेल," म्हणाली,
"एवढंच."