हातचा

पार्नूच्या बंदरात, समुद्राची पातळी मोजणाऱ्या कचेरीत
आयमे लेपासारची डावी करंगळी वाकत नाही.
बोटीच्या रहाटात सापडली होती म्हणे, एकोणिसाव्या वर्षी.
तेव्हापासून ताठ,
सगळ्या हातात एकटीच कुणाशी न पटलेली.

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कॉपी करायचं
तर कंट्रोल, शिफ्ट आणि सी, तिन्ही एकदम.
एक कळ दाबायला जावं
तर दुसरीच कळ मनगटापर्यंत जायची.
शिफ्ट सुटायचं, कंट्रोल-सी तेवढं लागायचं,
आणि ते तिथे कॉपी नसतं.
ते असतं: थांब. आहेस तिथे मर.

फेब्रुवारीत एका पहाटे असंच
अकरा तास चाललेलं गणित तिच्या हातून गेलं.
पडद्यावर उरलं टोपीसारखं एक चिन्ह, आणि सी.
ती काही बोलली नाही.
थर्मासचं झाकण घट्ट लावलं
आणि गोठलेल्या खाडीकडे बघत बसली.

मी म्हटलं, बदलून देतो.
सेटिंगच्या फाइलीत एकच ओळ:
माउसने निवडलं की झालं कॉपी, कळ दाबायलाच नको.
खूश झालो मी. माझ्यावरच.

तीन दिवसांनी तिने बोलावलं.
"इंद्रेक, हे चोरटं आहे."
मग कळलं, आयमे वाचताना
ओळीखालून माउस ओढत नेते,
लहानपणी धड्याखालून बोट न्यावं तसा,
आणि प्रत्येक ओळ, नुसती वाचलेली,
आधी उचललेलीला ढकलून तिच्या जागी बसते.
बेरजेत हातचा एक धरावा
आणि मध्येच कुणीतरी किती वाजले विचारावं,
तसा तिचा हातचा जायचा.
"वाचणं वेगळं, उचलणं वेगळं," ती म्हणाली.
"मी बघितलं ते सगळं मला हवंय असं नाही."

यात माझी दुपार गेली.
कॉपीला एफ-नऊ, पेस्टला एफ-दहा,
तर्जनी पुरे.
मग म्हणाली, अजून एक.

चिकटवलेल्या हुकमाच्या शेपटीला
न दिसणारी नवी ओळ लपून येते,
आणि पेस्ट करताच हुकूम सुटतो,
उचलली जीभ लावली टाळ्याला.
"ती कापता येईल? एंटर माझं मी दाबेन."

कापली.
आता हुकूम येतो आणि उभा राहतो,
उंबऱ्याबाहेर बुटांवरचा बर्फ झटकणाऱ्या पाहुण्यासारखा.
कर्सर लुकलुकतो.
आयमे वाचते, ओठ हलवत, एकदा,
कधी दोनदा,
एकदा तर चहा संपेपर्यंत,
आणि मग पाहुण्याला परत पाठवलं तिने.
फोल्डरचं नाव चुकलं होतं.
वर्षभराच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या.

फाइलीत त्या ओळींच्या डोक्यावर मी टीप लिहिली:
आयमेच्या करंगळीसाठी. कुणी काढू नये.
सोमवारी बघतो तर खाली तिने जोडलेलं:
करंगळी ठीक आहे. कळाच चुकीच्या जागी होत्या.

घरी विजेचं बिल भरताना
मीही एफ-नऊ दाबतो हल्ली.
काहीच होत नाही.
तरी पुन्हा दाबतो.