खारट

कोंडाईबारीच्या चढाला ठसका लागला
आणि तोंडात एकदम मीठ.
रक्त नाही. ओंजळभर पाणी,
त्यात एक पांढरी साल,
उकडलेल्या अंड्याला आतून असते तशी.
पायानं ती मातीत दाबली.
मेंढरं पुढं निघून गेली होती.

साक्रीला सहा महिने क्षयाच्या गोळ्या.
लघवी लाल, खोकला तसाच.

मग धुळे.
फोटोवाल्या पोरानं फिल्म उजेडाला धरली,
म्हणाला, मावशी, चेंडू गिळला का काय?
खाली एक फुटकं, विझलेलं,
वर एक अख्खं,
कंपासानं काढावं इतकं गोल.
एवढं नीटनेटकं माझ्या अंगात
दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाई फैजपूरच्या, बोलायच्या कमी.
घरी कुत्रं आहे का, एवढंच विचारलं.
मला हसू आलं.
ठेलाऱ्याच्या बाईला विचारता, कुत्रं आहे का?

झिप्र्या. अर्धा कान लांडग्यानं नेलेला.
पौषात पांझरेकाठी मेंढरं बसवली
की माझ्या पाठीला पाठ लावून निजायचा.
झुंजूमुंजूला त्याच्या मानेत बोटं घालून ऊब घ्यायची
आणि त्याच बोटांनी पीठ मळायचं.
मेलेल्या मेंढीचं फुप्फुस त्याच्यापुढं टाकायचं,
त्याचा वाटा म्हणून.
त्यात पाण्याचे फोड असायचे,
पोरं नखानं टचकन फोडायची,
एकमेकांवर उडवायची. मीही उडवलेत
लहानपणी, भावाच्या तोंडावर.

बाईंनी केसपेपरच्या पाठीवर बाण काढले.
मेंढी, तिथून कुत्रं,
कुत्र्याच्या शेणातून गवत,
गवतातून परत मेंढी.
गोल पुरा झाला.
म्हटलं, यात मी कुठं?
बाईंनी बाजूला एक बाण ओढला,
त्याच्या टोकापुढं काहीच नाही.
म्हणाल्या, तुम्ही इथं.
किडा चुकून आला तुमच्यात. इथं त्याचा रस्ता संपतो.

त्या रात्री वॉर्डात मला त्याचीच कीव आली.
पत्ता चुकलेला पाहुणा,
दार लावून बसलेला,
आत पाणी भरत, वर्षानुवर्षं.

सोनोग्राफीच्या खोलीत पाटी होती:
इथं मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही.
तरी डॉक्टर म्हणालाच,
काळजात अजून एक आहे,
आणि तिच्या पोटात सात लेकी.
अशा गाठीला असंच म्हणतात म्हणे.
चार अंडेरींची आई मी,
सासू दारात उभी, कपाळावर हात:
माय वं, आठे बी अंडेरीच!
डॉक्टरला काही कळलं नाही.
मला हसताना पुन्हा ठसका लागला.

छाती उघडली तेव्हा
भोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी लावली होती.
थेंब सांडला तर
जिथं सांडेल तिथं नवी उगवते.
नर्सनं नंतर वाटीत दाखवली,
सोललेलं दुधी काहीतरी, हलवलं की थरथरणारं.
म्हणाली, घट्ट असते हो, फुटली नाही.
मला उगाच
माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

आता परत आलेय.
परवा एक म्हातारी मेंढी गेली.
नवऱ्यानं सवयीनं पोट फाडलं,
सवयीनं फुप्फुस उचललं.
झिप्र्या शेपूट हलवत उभा.
मी कुदळ घेतली,
टाके ओढत होते तरी कंबरभर खड्डा,
चुना, वर दगड.
तो दगडापाशी बसून राहिला सांजेपर्यंत,
माझ्याकडं बघत,
जणू मीच लांडगा.

काळजातल्या बाईला वैशाखात काढू म्हणाले.
तोवर गोळ्या.
त्यालाही गुरांच्या दवाखान्यातनं आणलीय,
गुळात दाबून देते.
तो गूळ चाटतो, गोळी थुंकतो.
मी ती उचलते, पुन्हा दाबते,
हात धुते,
आणि लांबूनच म्हणते, गिळ रे बाबा.

रात्री पाठ गार पडते.