दुभाष्या

कोर्टाचं लोखंडी दार साडेआठला उघडतं,
बायका पाचपासून भिंतीला टेकलेल्या.
कुणी म्डान्ट्सानेहून पहिल्या टॅक्सीनं आलेली,
कुणाच्या पाठीला टॉवेलनं बांधलेलं पोर.
मी त्यांच्या समोरून आत जातो,
गळ्यातल्या ओळखपत्राच्या जोरावर.

काम सोपं आहे. झोसातून इंग्रजीत, इंग्रजीतून झोसात.
नियम एकच :
"ती म्हणते", "तो म्हणतो" असं म्हणायचं नाही.
बोलेल तो मी.

तर मी नोम्बुलेलो मागक्वा.
मी इविवेची आई. पोर नऊ वर्षांची.
चौदा महिने मी वाट बघत बसले,
आधी फोन केले, मग त्याच्या आईकडे गेले,
तिनं चहा दिला, साखर विचारून.
बाकी काही विचारलं नाही.
शाळेचे बूट लहान झाले तेव्हा
मी टाचा कापून त्यांच्या सपाता केल्या.
(हे सगळं माझ्या घोगऱ्या आवाजात,
मिशांखालून.)

तिनं वही पुढे केली. चौकटींची, गणिताची.
खर्च मी मोठ्यानं वाचत गेलो :
पाव. टॅक्सी. दम्याचा पंप. पाव.
पेट्रोलियम जेली, एकोणीस रँड.
"ही कशाला?" मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
हिवाळा आहे, बाई, मी म्हणाले.
पोरीचे गुडघे पांढरे पडतात.

मग मी वुयिसिले.
मी बेकार. गाड्यांच्या कारखान्यातून कमी केला गेलो,
असेल तेव्हा देतो, नसेल तर कुठून देऊ,
माझं पोरीवर प्रेम आहे.
झोसात हा एकच शब्द असतो,
इंग्रजीत न्यायला मला दोन श्वास लागले.

पोटगी अधिकाऱ्यानं बँकेचा कागद ठेवला.
कारखान्याचा पगार, दर महिन्याच्या पंचवीसला, अजून चालू.
चकाकत्या चाकांचे हप्ते, महिना अठराशे,
एकही चुकलेला नाही.
खोलीत पंखा तेवढा बोलत होता,
आणि त्याचं भाषांतर करावं लागत नाही.

मी खाली पाहिलं. माझेच बूट. कातडी, चांगले.
क्वीन्सटाउनला माझा एक मुलगा आहे, तोही नऊचा,
मार्चनंतर मी तिकडे काही पाठवलेलं नाही.
हे कुणी विचारलं नव्हतं.
विचारल्याशिवाय दुभाष्यानं बोलायचं नसतं,
हाही नियमच.

बाई लिहून झाल्यावर वाचू लागल्या
आणि मी त्यांच्या मागोमाग, एक वाक्य मागे :
मी हुकूम देते की,
दरमहा बाराशे, आणि थकबाकीचे चारशे,
मालकानं पगारातून परस्पर कापावेत.
सकाळपासून मीच मागत होते,
मीच हात वर करत होतो,
आता मीच हुकूम देते.
माझ्या तोंडातून तिघं जण येऊन गेले
आणि घसा मात्र माझाच बसला.

बाहेर ती पायरीवर बसून
तळलेल्या पावाचा अर्धा खात होती,
अर्धा कागदात परत गुंडाळलेला.
मांडीवर परतीच्या टॅक्सीचे सुटे पैसे.
मला पाहून म्हणाली,
"भाऊ, पैसे कधी येतील?"

दिवसभरात मला, मला म्हणून,
विचारलेला हा पहिलाच प्रश्न.
सुरुवात कशी करायची ते आठवेना.

"पुढच्या पंचवीसला," मी म्हणालो. "बहुधा."

तिनं चावणं थांबवलं.
"हे बहुधा बाईंचं, की तुझं?"

"माझं."

तिनं मान हलवली, वही काढली,
तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे तो शब्दही,
माझं अक्षर कसं असेल तसा, सावकाश.
आतून पुढचं नाव पुकारलं गेलं.