जिथं आधी सुकतं

देवगडात, बर्फाच्या कारखान्यामागं माझं दुकान.
तिथं खिळे, बिजागऱ्या, शटरची कडी
सगळेच खाऱ्या वाऱ्याचे देणेकरी.

हर्षला तारी आली ती कार्ड टॉवेलात गुंडाळून,
पापलेट आणावं तसं, शेपटी बाहेर.
"पडद्यार रेघो येतत," म्हणाली,
"होडी मधीच फाटता.
कालपासून तर पडदोच काळो."

वडील फायबरच्या होड्या करतात, दोरी धरून, एक डोळा मिटून.
ही आधी पडद्यावर बांधते,
नाळ, पठाण, सुकाणू, सगळं फिरवून दाखवते.
परवा आचऱ्याचं गिऱ्हाईक समोर बसलेलं
आणि नाळेवर हिरवे-जांभळे चौकोन उगवले.
पाण्यात न उतरलेल्या होडीला शेवाळ.

"आधी कोणाक दाखवलंस?"
"कणकवलीत एकाक."
"त्येना काय केल्यान?"
"ओव्हनात भाजल्यान. धा मिन्टां."

मी गप्प राहिलो.
बांगडा भाजतात. चिप भाजली की आठ दिवस उठून बसते,
तेवढ्यात भाजणाऱ्याचे पैसे वसूल.

पंखे काढले.
पात्यांत धूळ, डासाचा एक पाय,
आणि मीठ, बोटाला खरखरणारं.
(नवा होतो तेव्हा एकदा चाखलं होतं. आता नाही.)
चिपवरची पेस्ट भेगाळलेली,
मे महिन्यातल्या मळ्यासारखी.

मीटरचं काळं टोक ग्राउंडवर,
लाल टोक बारा व्होल्टवर: ठीक.
गाभ्याच्या वाटेवर: ठीक.
मेमरीच्या वाटेवर ठेवलं तर मीटर ओरडतच सुटला.
शून्य पूर्णांक तीन.
म्हणजे वीज येते आणि काहीही काम न करता
पहिल्याच आडवाटेनं घरी परतते.

पण आडवाट कुठली?
त्या वाटेवर चाळीसेक कपॅसिटर,
तिळाएवढे, एका आईची लेकरं वाटावीत असे,
प्रत्येकाचा चेहरा: मी नाही त्यातला.

मग बाहेरून एकच व्होल्ट दिला, भीत भीत,
आणि बोर्डावर अल्कोहोल ओतलं.
सगळा बोर्ड चकाकला, ओहोटीनंतरच्या पुळणीसारखा.
डोक्यावरचा पंखा बंद केला.
दोघं वाकून बसलो.
मागं बर्फ फोडत होते.
वाट बघायची फक्त, कुठं आधी सुकतं.

"थंय," ती म्हणाली.
माझ्या चष्म्याला दिसायच्या आधी.
तिसऱ्या मेमरी चिपच्या आणि स्क्रूच्या मधे
टाचणीच्या डोक्याएवढी जागा
कोरडी.

गरम हवा, चिमटा, श्वास धरून
उचलला.
खाली हिरवट पूड.
मीटर लावला. ओरडला नाही.
सत्तेचाळीस ओहम.

"आता नवो घालतलास?"
"ह्या मापाचो माझ्याकडे नाय. बाकीचे वडून नेतीत."
"एक कमी, तरी चलात?"
"चलात."
ती त्या दोन रिकाम्या चकत्यांकडे बघत राहिली.
"आमच्या शेडीतले दोगे गेले गोव्याक," म्हणाली,
"तरी काम होता."
हसली की नाही, कळलं नाही.

वॉर्निश संपलेलं. तिनं पर्समधून नेलपॉलिश काढलं,
डाळिंबी.
त्या उघड्या चकत्यांवर तिनंच एक थेंब ठेवला,
खाऱ्या वाऱ्याला तेवढीच आडकाठी.

कार्ड बसवलं. पडदा उजळला.
चाळीस मिनिटं मी होडी फिरवत ठेवली,
तापमान एकाहत्तरवर येऊन थांबलं.
रेघ नाही, चौकोन नाही.
पाण्याशिवाय गरगर फिरणारी पांढरी होडी
बघायला बर्फवाल्यांचा पोरगाही दारात येऊन उभा.

"कितके झाले?"
"तीनशे. आणि परत भाजूक देव नको."

टॉवेल ती विसरून गेली.
रात्री टेबल पुसताना तो कपॅसिटर शोधला,
बरणीत ठेवावा म्हणून.
माझी एक बरणी आहे अशांची.
सापडला नाही.
बहुतेक माझ्याच फुंकरीनं उडाला.