चौथा कावळा

वडगावात, मागांच्या शेडवर पत्र्याचा माळा,
त्यात सहा पडदे, तासाला वीस रुपये.
गल्ल्यावर मी. खाली अठरा माग.

पुलावरच्या लढाईत एक बँड वाजायचा,
खेळातलाच, चितारलेला, जगात कुठे नाही.
कावळ्यांचे मुखवटे घातलेले चौघे
जळत्या बुरुजावर. त्यांचं परदेशी नाव
कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून आमच्यासाठी ती कावळा कंपनी,
वरातीतल्या ब्रास कंपनीसारखी.

पहिला ढोल. दुसरा गिटार, दात-ओठ खात.
तिसरा गायचा, नसलेल्या भाषेत.
ईरण्णा म्हणायचा, कन्नडच की,
बारो, बारो. ये म्हणतोय, ये.
मला ऐकू यायचं वारू, वारू.
पाट्यांवरनं डोकी फुटलेल्या गावात
आम्ही एका शब्दावर महिनाभर भांडलो
आणि रोज त्याच पुलावर
त्याच राक्षसाच्या हातून मेलो.

चौथा नुसता उभा. ओठाला नळी, आवाज नाही.
मालकाचा मेव्हणा असणार,
असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

एका गुरुवारी सव्वाचारला करंट गेला.
खालचे माग एकेक करत गळाले,
शेवटी आठ नंबर, दत्तोबा ढवळ्यांचा,
तो नेहमीच उशिरा थांबतो.
यूपीएसवर एकच पडदा तगला. सात मिनिटं.

आणि ती नळी.
ढोलाच्या मागनं, बारीक,
ताणलेल्या सुतावर ओलं बोट फिरावं तशी.
दोन वर्षं तिथंच होती.

ईरण्णानं रिमोट मांडीवर ठेवलं.
"मार की गा," मी म्हटलं.
"थांब."
राक्षसाचा पहिला वार. दुसरा.
जिवाची लाल पट्टी बोटभर उरली, मग नखभर.
कांड्या भरणाऱ्या चंपाक्का
पदरानं मान पुसत जिन्यात येऊन उभ्या.
"कोण वाजवूलाय?"
कुणीच नाही, हे सांगायला जड गेलं.

मग मेलो. गाणं मध्येच तुटलं,
लढाईतलं गाणं तसंच तुटतं.
करंट आला, खाली खटका सुरू,
आणि कावळा पुन्हा मुका.

आता त्या शेडमध्ये फरशांचं गोदाम आहे.
ईरण्णा हुबळीला. परवा त्यानं तेच गाणं पाठवलं,
स्वच्छ, चारही जण वेगवेगळे ऐकू येणारं.
कानात बोंडं घालून दोनदा ऐकलं.
सगळं आहे, पण लढायला हात उठत नाही,
पायाखालची जमीन हालतच नाही.

त्याला एवढंच लिहिलं,
बारोच असेल बघ ते.