तीन हजार तीनशे चाळीस

ऑपेरा हाऊसच्या मागे, एका जिन्याखाली माझं दुकान.
दुकान म्हणजे टेबल, दिवा, भिंग,
आणि डबीभर दात झिजलेली प्लास्टिकची चाकं.
मी गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो.
एकतीस वर्षं.

खरं सांगायचं तर दुरुस्ती थोडी,
बाकी धंदा आकडे मागे फिरवण्याचा.
दलाल यायचे, काखेत पेपरात गुंडाळलेलं मीटर,
"चेंदवणकर, बासष्टचे अठरा करा."
मी करायचो.
चिमट्याने एकेक चक्री मागे.
कुणाचा आंबेनळी घाट, कुणाची वरात,
कुणी रात्रभर गाडी हाणत आईच्या मातीला पोचलेलं,
सगळं गिऱ्हाईक यायच्या आत पुसून टाकायचो.
दोनशे रुपये. घासाघीस केली तर दीडशे.

गेल्या मार्गशीर्षात एक बाई आल्या.
ब्रिजेट घोन्साल्विस. वसईच्या.
केईएममधून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या,
कपाळावर हेल्मेटचा वळ.
खाली साडेतीनशे सीसीची जुनी गाडी,
पाय टेकावेत म्हणून सीट कापून घेतलेली.

म्हणाल्या, दिरांगला केबल तुटली.
आकडा तिथेच अडकला, अडतीस हजार चारशे बारावर.
पुढे सेला चढले, तवांग केलं, घरी आले,
ते ह्यात नाही.
ते घाला.

किती?
त्यांनी टेम्परेचर चार्टच्या पाठीवर मांडलेला हिशेब काढला,
मैलाच्या दगडांवरून जुळवलेला.
तीन हजार तीनशे चाळीस.

पुढे फिरवा म्हणणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.

काच काढली. आत लालसर माती,
आणि एक किडा, पंख मिटलेला, आपल्याकडचा नव्हे.
"राहू दे त्याला," म्हणाल्या, "तोही लांबून आलाय."

मी चक्री फिरवू लागलो. त्या स्टुलावर बसून सांगत गेल्या.
इथे बर्फ. हातमोज्यांवर दुधाच्या पिशव्या बांधल्या.
इथे एका फौजी पोराने चहा दिला,
आणि माझ्या हाताची कापरं बघून
कप स्वतःच धरला.
इथे ब्रह्मपुत्रा. पूल संपेचना, मला हसूच यायला लागलं.
इथे काही नाही.
इथेही काही नाही, कापलेल्या भाताचा वास.
इथे, जबलपूरच्या अलीकडे, पडले. गुडघा.
पट्टी माझी मीच बांधली. छान बांधली.
इथे धुळे.
इथे कसारा उतरताना वाटलं, वळवावी गाडी परत.

माझी बोटं थांबली.
"फिरवा की," म्हणाल्या, "अजून एकशे दहा बाकी आहेत."

मी दीडशे सांगितले.
त्यांनी दोनशे ठेवले आणि किक मारून गेल्या.

त्या रात्री बिलबुकाच्या मागे मीही हिशेब मांडला.
काळाचौकी ते दुकान सहा किलोमीटर, येऊन जाऊन बारा,
वर्षाला तीनशे दिवस, एकतीस वर्षं.
एक लाख अकरा हजार सहाशे.
पृथ्वीला पावणेतीन वळसे झाले,
आणि मी लालबागच्या पुलाखालीच.

आणि हा आकडासुद्धा कागदावरचा.
माझ्या स्कूटरचं मीटर
मुलगी चौथीत होती तेव्हापासून बंद.
आता तिची मुलगी चौथीत आहे.

शनिवारी दुकानातून केबल आणली, घातली.
रविवारी पहाटे बायकोने विचारलं, कुठे?
म्हटलं, बघतो.
ती म्हणाली, स्वेटर घाल.

मानखुर्द मागे पडलं.
खाडीच्या पुलावर वारा आडवा लागला, स्कूटर थोडी डगमगली,
आणि शेवटची चक्री नवावरून शून्यावर आली,
शेजारची एकाने पुढे सरकली.
हजारदा चिमट्याने केलेली ही गोष्ट
पहिल्यांदा आपणहून होताना पाहिली.
मागून ट्रकवाल्याने हॉर्न मारला, मी रस्त्याकडे बघत नव्हतो.

पनवेलला मिसळ खाल्ली आणि परतलो.
चौऱ्याऐंशी.
लिहून ठेवलेत.
पुढच्या रविवारी खोपोलीच्या वर,
केबल टिकली तर.